नाल्याकाठची माणसं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग लेकीकडे जाऊन राहिले. "आई, ब्लॉग बंद केला की काय?" असं पुण्याच्या पुतण्याने विचारलं, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. आणि मनात एक विषयही घोळत होता. नेहमीसारखाच इतिहासाचा आहे, पण या वेळी त्यात माझीही एक जुनी गोष्ट येणार आहे. ती मी आजवर घरातही कुणाला सांगितलेली नाही.

लेक छत्रपती संभाजीनगरला असते. एका सकाळी जावई म्हणाले, "चला आई, तुम्हाला आमची नदी दाखवतो." मी म्हटलं, "तुमच्या गावाला नदी कुठे आहे?" कारण माझ्या आठवणीत तिथे नदी नव्हतीच. १९८६ च्या आसपास मी एका शिक्षक प्रशिक्षणासाठी त्या शहरात (तेव्हा औरंगाबाद) गेले होते. छावणीजवळच्या लोखंडी पुलावरून रिक्षा जाताना आम्ही सगळ्या बायांनी नाकाला पदर लावले होते. रिक्षावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "खाम है बाई, नाला है." नदी म्हणायचंही कुणाच्या मनात नव्हतं.

आता त्याच पुलाजवळ चालायला वाट आहे, झाडं लावली आहेत, काठावर दगड नीट रचले आहेत. पाणी काही अगदी निर्मळ वगैरे नाही, उगाच खोटं कशाला सांगू? पण ते वाहताना दिसतं, आणि पदर नाकाला लावावा लागत नाही. दोन बगळे उभे होते. चाळीस वर्षांनी एखादी आजारी बाई अंथरुणातून उठून बसलेली दिसावी, तसं वाटलं.

इतिहासाच्या बाईला नदी दाखवली की ती मागे जाणारच! तर थोडं मागे जाऊ.

खामच्या काठी पूर्वी खडकी नावाचं गाव होतं. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे राजधानी वसवायला घेतली. हा मूळचा आफ्रिकेतला, हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. पुढे त्याने मुघलांना दख्खनमध्ये वर्षानुवर्षं झुंजवलं. आपण शाळेत त्याचा गनिमी कावा आणि त्याची जमीन महसुलाची पद्धत शिकवतो. त्याने केलेली पाण्याची व्यवस्था मात्र एका ओळीत उरकतो. मीही उरकत होते. नहर-ए-अंबरी म्हणजे डोंगराकडच्या बाजूला जमिनीखालचं पाणी गोळा करायचं, बंदिस्त बोगद्यांतून आणि खापराच्या नळांतून ते नुसत्या उतारावर शहरात आणायचं. जागोजागी हवा सुटायला आणि साफसफाईला मनोरे. ना मोट, ना बैल. हे पाणी शहरातल्या हौदांत पडे. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, पण त्याच्या नहरीच्या वाटेने पुढेही नहरी काढल्या गेल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की अशाच नहरीच्या पाण्यावर फिरे आणि तिथल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळून देई.

म्हणजे या शहराचा जन्मच पाणी आणण्याच्या हुशारीतून झालेला. मग ते बिघडलं कसं? कुणा एका दुष्टाने बिघडवलं असं झालं नाही. १९७६ मध्ये जायकवाडीचं लोकार्पण झालं, लांबून पंपाने पाणी येऊ लागलं. पाणी नळाला आलं की माणूस नदीकडे पाठ करतो. पूर्वी नहर तुंबली तर हौद कोरडा पडे, म्हणून नहरीवर सगळ्यांची नजर असे. आता ती नजर उठली. कारखाने आले, माणसं आली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेबारा लाख होती. एवढ्या माणसांचं सांडपाणी कुठे जाणार? उताराला. आणि उताराला खाम होती. गंमत अशी की ती खाम पुढे गोदावरीकडे, नाथसागराच्याच दिशेने जाते. म्हणजे ज्याचं पाणी वर आणायचं त्यातच खाली घाण सोडायची!

२०२१ मध्ये, करोनाच्या दिवसांतच, खाम पुन्हा जिवंत करायचं काम सुरू झालं. महापालिका, छावणी परिषद, स्मार्ट सिटीवाले, इकोसत्त्व नावाची पर्यावरणाचं काम करणारी संस्था आणि व्हेरॉक ही कंपनी असे सगळे त्यात होते, शाळेची मुलं आणि साधे नागरिकही होते. जावयांनी मला कामाचा क्रम सांगितला तो मला फार आवडला. आधी बाग नाही, आधी कचरा. नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या लावायच्या, काठच्या वस्त्यांतून कचरा रोजच्या रोज उचलायचा म्हणजे तो नदीत पडणारच नाही, मग गाळ, मग मैलापाणी वळवणं, आणि शेवटी झाडं. स्वयंपाकघर स्वच्छ करताना बाई आधी मोरी बघते आणि मग फडताळ, तसंच हे.

मी खूश होऊन घरी आले आणि याच आठवड्यात तो फोन आला.

फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. नाव सांगत नाही, शहरही सांगत नाही, संभाजीनगर नव्हे एवढं मात्र सांगते. वयाने तोही आता साठीच्या पुढे आहे. हमालीचं काम करून निवृत्त झालाय, म्हणजे पाठीने साथ सोडली म्हणून घरी बसलाय. गेली पस्तीस वर्षं तो एका मोठ्या शहरात नाल्याकाठच्या वस्तीत राहतो. मी उत्साहाने त्याला खामची हकिगत सांगितली. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "चांगलं झालं बाई. आमच्याही नाल्याचं आता तसंच करणार म्हणतात. चालायला वाट, बसायला बाकडी. परवा माणसं येऊन आमच्या भिंतींवर नंबर टाकून गेली." मी विचारलं, "कसले नंबर?" तर म्हणाला, "तेच कुणी सांगत नाही. बाई, पस्तीस वर्षं त्या घाणीचा वास आम्ही घेतला. पावसाळ्यात नाल्याचं पाणी आमच्या चुलीत शिरायचं. आता फुलांचा वास यायची वेळ आली, तर आम्हाला उठवणार की काय?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोपही नीट लागली नाही.

मंडळी, आपण म्हणतो "नदी साफ केली". साफ करायचं म्हणजे काहीतरी घाण ठरवून बाहेर काढायचं. प्रश्न एवढाच आहे की घाण कुणाला ठरवायचं. प्लास्टिक घाण आहे, मैलापाणी घाण आहे, कारखान्याचं रंगीत पाणी घाण आहे. पण काठावर पत्र्याच्या खोलीत राहणारा माणूस? तोही त्याच यादीत जातो का?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात तो आधीच विचारला गेलेला आहे, आणि तोही एका शहराच्या तळ्यावरच.

महाडचं चवदार तळं सरकारी धर्मशाळेसारखं सगळ्यांचं होतं, नगरपालिकेच्या ताब्यातलं. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण तिथे पाणी भरायला जाण्याची सोय नव्हती. इतर धर्मांचे लोक ते पाणी घेत, गुरं पीत, पण अस्पृश्य मानलेली माणसं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी आलेल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात मारहाण झाली. आणि मग काय झालं? सनातन्यांनी तळ्याचं "शुद्धीकरण" केलं. १०८ घागरी, पंचगव्य, मंत्र. म्हणजे बघा, त्यांच्या हिशेबात गुरांनी तळं बाटत नव्हतं, माणसांनी बाटत होतं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. पुढे कोर्टकचेरी झाली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं.

"शुद्धीकरण" हा शब्द ऐकला की म्हणून मी जरा सावध होते. आताचे इंजिनिअर जे शुद्धीकरण करतात ते चांगलंच आहे, त्याची गरज आहे. पण शब्द तोच आहे, आणि शब्दांना जुन्या सवयी असतात.

आता माझी ती गोष्ट.

१९७२ साल. मी नुकतीच धुळ्याच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले होते आणि जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून लागले होते. गावाचं नाव राहू द्या. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. विहिरी तळाला गेलेल्या, माणसं खडी फोडायला जाणारी, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. आमच्या शाळेत व्हरांड्यात एक रांजण होता. त्यावर एक पितळी पेला. मधल्या सुट्टीत पोरं पेल्याने पाणी प्यायची. वस्तीवरची आठ-दहा पोरं मात्र बाजूला उभी राहायची, आणि चौथीतला एक मोठा मुलगा वगराळ्याने वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचा. रांजण जवळ आला की ती पोरं आपोआप मागे सरकायची. त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मला ते दिसलं. मी वरिष्ठ गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही नवीन आहात. दुष्काळाचं वर्ष आहे. गावात वाद नको." मी गप्प बसले. एक दिवस नाही, आठवडा नाही, जवळजवळ पाच महिने गप्प बसले. आणि त्याच महिन्यांत वर्गात सातवीच्या मुलांना समानतेवर धडा शिकवला, फळ्यावर सुवाच्य अक्षरात मुद्दे लिहून!

त्याच सुमारास डॉ. बाबा आढावांनी "एक गाव एक पाणवठा" ही मोहीम सुरू केली होती. ते गावोगाव हिंडत होते आणि पाणवठा एक आहे का दोन हे बघत होते. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली होती, महाडला पंचेचाळीस. वर्तमानपत्रात त्याविषयी वाचलं आणि मला वाटलं, बाबा उद्या आपल्या शाळेत आले तर मी काय सांगू? पण उठून गावासमोर बोलायचं धैर्य मात्र झालं नाही. एकवीस वर्षांची, एकटी, खोली घेऊन राहणारी मुलगी होते मी. हे कारण आहे, सबब नाही.

मग मी काय केलं? एका शनिवारी शाळा सुटल्यावर तो पितळी पेला उचलला आणि माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिला. सोमवारी पेला नाही! शोधाशोध झाली. मी म्हटलं, "हरवला असेल. नवा येईपर्यंत सगळ्यांनी ओंजळीनेच प्या." दुष्काळाच्या वर्षात नवा पेला कोण आणणार? त्या दिवसापासून सगळी पोरं एका रांगेत उभी राहून ओंजळीने पाणी प्यायली. पाणी वरूनच ओतलं जायचं, पण सगळ्यांच्याच हातात. गावाने काही म्हटलं नाही, कारण वाद घालायला काही उरलंच नव्हतं.

ही शौर्याची गोष्ट नाही, हे मला ठाऊक आहे. मी अन्यायाविरुद्ध बोलले नाही, पेला लपवला. तो पेला अजून माझ्याकडे आहे.

फोन करणारा माझा विद्यार्थी त्या आठ-दहा पोरांपैकी एक. त्या दिवशी फोन ठेवताना तो हसून म्हणाला, "बाई, तो पेला तुम्हीच लपवला होता ना? आम्हाला तेव्हाच माहीत होतं." त्रेपन्न वर्षांनी! आणि मग म्हणाला, "पण बाई, या वेळी पेला लपवून भागणार नाही."

खरं आहे त्याचं. म्हणून विचार करत बसले की मग कशाने भागेल. तेव्हा मला माझ्या माहेरची आठवण झाली.

माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. आमच्या त्या भागात, पांझरा, कान, तिकडे बागलाणात मोसम आणि आरम, या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षांपासून आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग करायचे, त्यांना फड म्हणायचं. एका फडात एका वर्षी एकच पीक. एकात ऊस, एकात गहू-हरभरा असं, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची. त्यातली खरी खुबी अशी, की बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे प्रत्येक फडात असत. म्हणून पाऊस कमी झाला आणि गावाने ठरवलं की यंदा दोनच फड भिजवायचे, तर तोटा सगळ्यांना वाटून होई. कुणी एकटा बुडत नसे, कुणी एकटा तरत नसे. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागले, आणि त्यांची मजुरी गावाने द्यायची. १८८४ मध्ये तरुण विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून धुळ्याला आले आणि दातर्तीला त्यांनी पाण्याची वक्रनलिका बांधली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पिकांच्या पाळीची जी ब्लॉक पद्धत आणली, तिचं फडाशी असलेलं साम्य आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला सहज दिसेल.

पाणी सोडण्याआधी पाट झाडायचा असे. गाळ काढायचा, गवत उपटायचं. घरटी एक माणूस यायलाच हवा. आजोबा मला खांद्यावर बसवून घेऊन जायचे. अहिराणीत म्हणायचे, "जो पाट झाडी, पानी तेनं." जो पाट झाडेल, पाणी त्याचं. लहानपणी मला वाटायचं हा कामचुकारांना दम आहे. आता वाटतं तो न्यायाचा अख्खा कायदा आहे.

पण इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर फडाचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. फडाचं पाणी जमीनवाल्यांत वाटलं जाई. ज्याला जमीनच नाही त्याला फडात हिस्सा नाही. तो रात्ररात्र पाट राखेल, पण पाणी त्याचं नाही. म्हणजे आजोबांचा कायदा आजोबांच्या फडातही पुरता पाळला जात नव्हता! ही उणीव पुढे विलासराव साळुंखे यांनी ओळखली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला त्यांनी पाणी पंचायतीचं काम उभं केलं. तिथे पाणी जमिनीवर नाही, माणशी वाटायचं ठरवलं, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क आहे असं मानलं, आणि पाणी पिणाऱ्या उसाला मनाई केली. पाणी आणणं आणि पाणी वाटणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं जास्त अवघड आहे, हे मला तिथे समजतं.

आमचा भाचा अमेरिकेत अटलांटाला असतो. त्याला हे सगळं लिहून कळवलं तर त्याने उत्तरात तिकडची हकिगत सांगितली. तिथल्या पश्चिम भागात बहुतेक कृष्णवर्णीयांची वस्ती आहे आणि प्रॉक्टर क्रीक नावाचा ओढा आहे. शहराचं मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकत्र होऊन त्या बाजूच्या ओढ्यांत यायचं. १९९५ मध्ये तिथल्या रहिवाशांनीच वेस्ट अटलांटा वॉटरशेड अलायन्स नावाची संस्था काढली आणि म्हटलं, साऱ्या शहराची घाण आमच्याच दारात का? तिकडे या विचाराला "पर्यावरणीय न्याय" म्हणतात. १९८२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, गरीब कृष्णवर्णीय वस्तीजवळ विषारी माती पुरायला निघाले तेव्हा लोक रस्त्यावर आडवे पडले, पाचशेच्या वर माणसं अटकेत गेली, तिथून हा शब्द रुजला म्हणतात. शब्द नवा असेल, पण महाडची ओंजळ तीच तर गोष्ट सांगते.

आणि आपल्या शेजारचं उदाहरणही डोळ्यांपुढे आहे. अहमदाबादला साबरमतीचा काठ बांधून काढला. आज लोक कौतुकाने बघायला जातात, मीही सहलीत जाऊन आले, फोटोही काढले. पण त्या काठावरून दहा हजारांहून अधिक कुटुंबं हलवावी लागली. लोक २००५ मध्ये उच्च न्यायालयात गेले म्हणून पुष्कळांना घरं तरी मिळाली, पण ती कित्येकांच्या कामधंद्यापासून कोसभर दूर. काठ सुंदर झाला, पण काठावरचा माणूस तो बघायला उरला नाही.

मग नाल्याकाठी राहणाऱ्यांना तिथेच पुरात बुडू द्यायचं का? तसं मी म्हणत नाही. काही घरं खरोखर पाण्याच्या वाटेत असतात, आणि पाणी आपली वाट विसरत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने ते सगळ्यांना दाखवून दिलं. तेव्हा हलवावं लागेल तिथे हलवा. पण आधी सांगून, विचारून, जवळ जागा देऊन, आणि कागद हातात ठेवून. मुकाट्याने भिंतीवर नंबर टाकून नव्हे. आणि हेही विचारा की पुराच्या वाटेत नुसत्या झोपड्याच आहेत, की मोठ्या इमारतींच्या कुंपणभिंतीही आहेत? मोजपट्टी एकच हवी.

आमच्या जळगावलाही हे लागू आहे. शहराचं प्यायचं पाणी वाघूर धरणातून येतं, आणि शहराचं सांडपाणी लेंडी नाल्यासारख्या नाल्यांतून उताराने तापीच्या बाजूला जातं, म्हणजे खालच्या गावांकडे. आम्ही असोदेकर शहरापासून चार-पाच मैलांवर. असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर आणि माझं सासर! भरताच्या वांग्यांसाठी जळगावकर आमच्याकडे येतात. पण त्या वांग्यांना मिळणारं पाणी कसं आहे याची काळजी त्यांनी का करावी, असं कुणी त्यांना शिकवत नाही. सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारणारे लोक मी पाहते. मोठी प्रसन्न जागा आहे. तिथे एका फेरीइतका वेळ महिन्यातून एकदा लेंडी नाल्याच्या काठाने कुणी फिरलं, आणि तिथे राहणाऱ्यांशी दोन शब्द बोललं, तर किती बरं होईल.

चार दिवसांनी मीच माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. मी काही वकील नाही, पुढारी नाही, पण अर्ज लिहिता येतो. म्हटलं, "तू एकटा जाऊ नकोस. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या घे. बायांच्या आधी. अर्जात तीनच गोष्टी मागायच्या. हे नंबर कशाचे ते लेखी सांगा. नाला साफ करायचा आराखडा वस्तीत येऊन दाखवा. आणि साफसफाईच्या कामात, पुढे बाग राखायच्या कामात, वस्तीतल्या माणसांना घ्या." तो म्हणाला, "तिसरी कशाला बाई? घर राहिलं तरी पुष्कळ." मी म्हटलं, "तिसरीच सगळ्यात महत्त्वाची. माझे आजोबा म्हणायचे, जो पाट झाडी, पानी तेनं. तुम्ही झाडायला असलात म्हणजे तुम्हाला झाडून टाकणं अवघड जातं."

अर्ज मी लिहून पाठवला. शुद्धलेखनाच्या चुका काढून त्याने दोनदा परत वाचून दाखवायला लावला, माझाच विद्यार्थी! खाली एकशे चार सह्या आणि अंगठे झाले आहेत असं तो म्हणाला. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.

पुढच्या खेपेला लेकीकडे जाईन तेव्हा खामच्या काठी पुन्हा जाणार आहे. बगळे आहेत का ते बघेनच. पण या वेळी वाटेवरून खाली उतरून काठच्या वस्तीतल्या एखाद्या बाईला विचारणार आहे, की बाई गं, नदी सुधारली तसं तुझं काय झालं? तिचं उत्तर चांगलं आलं तर मी खामला मनापासून नदी म्हणेन.

असो. पुष्कळ लिहिलं. ट्रंकेतला पेला काल बाहेर काढून चिंचेने घासला. चांगला उजळला आहे.

मंडळी, तुमच्या गावातून, तुमच्या घराजवळून जो नाला वाहतो त्याचं मूळचं नाव काय? तो पूर्वी नदी होता का? आणि त्याच्या काठी कोण राहतं? माहीत असेल तर कळवा. माहीत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि मग कळवा. वाट बघते.